भाचीचं मागणं

"ती तपकिरी बाटली संपली," एमोसी फोनवर म्हणाला. "बाबा म्हणतात, पुढच्या वेळी मोठी आण. एवढीशी बाटली कुणाच्या दाताला पुरते?"

अकानिसीच्या एका हातात फोन होता आणि दुसऱ्या हातात काचेची नळी. नळीतल्या जांभळ्या पाण्यात तिने नुकतेच कुराच्या पानांचे पाणी सोडले होते आणि तो जांभळा रंग उतरून पिवळा होत चालला होता. जेवढा जांभळा उतरेल तेवढे पान गुणाचे. लोखंडाला गंज चढतो तसा शरीरालाही आतून एक गंज चढत असतो, आणि त्याला अडवायची ताकद पानात किती आहे ते हा रंग सांगतो. बेटांच्या राजधानीत, सुव्याच्या विद्यापीठातल्या त्या प्रयोगशाळेत असे रंग बघण्यातच अकानिसीची उमर गेली होती. पण आज तिचे नळीकडे लक्ष राहिले नाही.

"संपली म्हणजे?" तिने विचारले.

"संपली म्हणजे तळ दिसायला लागला. तुमच्या विद्यापीठात त्याला काय म्हणतात?"

एमोसी तिचा मामेभाऊ. इथे आते-मामे भावंडांनी एकमेकांची टर उडवायचीच असते, न उडवली तर काहीतरी बिनसले आहे असे लोक धरतात. एरवी अकानिसीही त्याला सोडत नसे.

"ती प्यायची नव्हती रे," ती म्हणाली.

"मग काय समोर ठेवून बघत बसायची होती? आणि ऐक, बाबांनी नर्सबाईंकडे जाणंही बंद केलंय. पट्टी बंद, साखरेच्या गोळ्या बंद. माझ्या भाचीनं आपल्याच पानाचं औषध काढलंय म्हणतात, आता सरकारी गोळ्या कशाला गिळू."

"आणि पाय कसा आहे?"

या वेळी एमोसीने टर उडवली नाही.

"वास येतो, अका," तो म्हणाला. "आई दिवसभर सगळ्या खिडक्या उघड्या ठेवते."

फोन ठेवला तेव्हा नळी पूर्ण पिवळी झाली होती. किती वेळात झाली ते टिपायचे राहून गेले. इतक्या वर्षांत असे प्रथमच घडले.

पाने तिच्या आईच्या गावची होती. रेवा नदी समुद्राला मिळते तिथल्या खारफुटीत वुनिदोंगो नावाचे गाव आहे. तिथे प्रत्येक घरामागे कुराचे झाड असते. त्याच्याच फळाचा रस बाजारात नोनी म्हणून मोठ्या दिमाखात विकला जातो. गावात मात्र गळू झाले किंवा सूज आली की पान गरम करून बांधायचे, एवढाच त्याचा थाट. डॉक्टर नायडूंना प्रयोगासाठी पाने हवी होती तेव्हा अकानिसी यंगोनाच्या, म्हणजे मान द्यायला ज्यांचे पेय घोटतात त्या मुळ्यांची जुडी घेऊन गावात गेली, मामापुढे ती ठेवली आणि रीतसर परवानगी मागितली. तिचे मामा, इनोके, त्या कुळाचे प्रमुख. मामाला इथे मोमो म्हणतात. मोमो तेव्हा पोट धरून हसले होते. वासूने परवानगी मागायची म्हणजे मालकाने स्वतःच्या घराचे दार ठोठावायचे, असे काहीसे ते म्हणाले होते.

त्यांचे खरे होते. बहिणीचे मूल म्हणजे वासू, आणि वासूने मामाच्या गावात ज्या वस्तूवर बोट ठेवले ती त्याची झाली. डुक्कर असो, चटई असो, होडी असो. मामाला नाही म्हणायची सोयच नाही. या हक्काच्या जोरावर मामाचे घर धुऊन नेणारे महाभागही आहेत. पण अकानिसीच्या आईने तिला लहानपणीच बजावले होते, की माझ्या माहेरात तू हात पसरायचा नाहीस. आई जाऊन बरीच वर्षे झाली, तरी अकानिसीने वुनिदोंगोत कधी शहाळेसुद्धा मागून प्यायले नव्हते.

पाने तिने स्वतः धुतली, सावलीत वाळवली, उकळली, गाळली. ते फिकट पिवळे पाणी चांदीच्या क्षाराच्या निवळ पाण्यात घातले आणि बघता बघता सगळे कोऱ्या चहासारखे तपकिरी झाले. चांदीचे कण तयार झाले होते, केसाच्या जाडीत हजार मावतील इतके बारीक, आणि ते केले होते पानाने. काचेच्या बशीतले जंतू त्या पाण्याने मारले. जांभळा रंग तर असा उतरवला की नायडूंनी दोनदा करून बघायला लावले. मग ते लहान मुलासारखे खूश झाले आणि म्हणाले, शोधनिबंधाच्या शेवटी गावाचे आभार मानू.

अकानिसीला ते काही पटले नाही. ज्याच्या मातीतून निघाले त्याला हंगामाचे पहिले द्यायचे, हे तिच्या रक्तात होते. कोनफळाचा पहिला कंद कुळप्रमुखाकडे आणि देवळात गेल्याशिवाय इथे कुणी चूल पेटवत नाही. मग पानाचे पहिले पाणी फ्रिजमध्ये कसे ठेवायचे? तिने कुणाला न विचारता एक लहान बाटली भरली, तिच्या गळ्याला सालीच्या कापडाची पट्टी बांधली आणि गावात नेऊन मोमोंपुढे ठेवली. हे का करायचे ते प्रयोगशाळेत कुणाला कळले नसते, आणि केले नसते तर ते गावात कुणी विसरले नसते.

तिथपर्यंत सगळे ठीक होते. मग मोमोंनी बाटली उजेडात धरली आणि विचारले, "हे सडणं थांबवतं?" त्यांच्या टाचेला तेव्हा एक जखम होती, साखरेचा आजार तर जुनाच. कुळातली सगळी माणसे मांडी घालून तिच्याकडे बघत होती. त्या चटईवर तिला आजवर कुणी काही विचारले नव्हते. "थांबवतं," ती म्हणाली. काचेच्या बशीत, हे शब्द तिने गिळले. मोमोंनी ओंजळीसारखे हात करून तीन वेळा टाळी दिली, म्हणजे भेट स्वीकारली. अकानिसी त्या दिवशी तरंगतच सुव्याला आली होती.

आता तिने जाऊन डॉक्टर नायडूंना सगळे सांगितले. नोकरी गेली, हे तिने धरूनच ठेवले होते. नायडू लबासाकडच्या ऊसवाल्यांच्या घरातले, आवाज चढवणे त्यांना जमत नसे. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा घातला. मग म्हणाले, एवढ्या चांदीने माणूस मरत नाही. वर्षानुवर्षे पितात त्यांची कातडी निळसर पडते, तीही फार पिणाऱ्यांची.

"बाटलीची भीती सोडा," ते म्हणाले. "साखरेची धरा. आधी पायाचा रंग बघा, अकानिसी. रंग बघायला तुम्हाला शिकवायला नको. काळा असेल तर सोमवारची वाट बघू नका. तुमच्यावर आणि माझ्यावर जे काय यायचं ते सोमवारी बघू."

काळा. तो शब्द घेऊन ती घरी गेली आणि सकाळी तोच घेऊन उठली.

धक्क्यावर एमोसी होडीचे इंजिन चालू करून बसला होता. तिने यंगोनाची जुडी मांडीवर घेतली आणि ते पाणी यानेही चाखून निळा पडला नाही ना म्हणून आधी त्याचे ओठ निरखून पाहिले. ते नेहमीसारखेच होते.

"काय बघतेस? लग्न झालंय माझं," एमोसी म्हणाला.

"मोमोंनी किती प्यायलं ते पाणी?"

तेव्हा कुठे खरी हकिगत कळली. पहिल्या फळाची चव एकट्याने घ्यायची नसते, म्हणून मोमोंनी अर्धी बाटली त्याच दिवशी यंगोनाच्या मोठ्या लाकडी पातेल्यात ओतली होती आणि गावातल्या यच्चयावत पुरुषांनी करवंटी करवंटी प्यायली होती. देवळाच्या पाद्रीबाबांनी दोनदा. उरलेली अर्धी मोमोंनी रोज थोडी थोडी जखमेवर चोपडली होती. अकानिसीला हसू यायला हवे होते. एका घोटभर पाण्याची चांदी अख्ख्या गावात वाटली गेली होती, म्हणजे कुणाच्या वाट्याला काहीच आले नव्हते. पण हसू आले नाही. विषाची भीती गेली आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली. ही मोठी होती, आणि हिचे औषध प्रयोगशाळेत नव्हते. इतके दिवस त्या पायावर पट्टी नाही, गोळी नाही, फक्त तिने गिळलेले शब्द.

"त्यांना इस्पितळात नेऊ या, एमोसी. आजच."

"मी म्हणून बघितलं. आईनं म्हणून बघितलं. नर्सबाई बिचारी इथवर होडीनं येऊन रडून गेली." त्याने इंजिनाचा वेग उगाच वाढवला. "वासाके काकांचं तुला माहीतच आहे. अंगठा कापायला म्हणून गेले. मग पाऊल. मग गुडघा. मग पेटीतनंच आले. बाबा म्हणतात, तिथं एकदा कापायला लागले की थांबायचं कुठं ते त्यांना कळत नाही."

होडी खारफुटीच्या अरुंद फाट्यात शिरली. दोन्ही बाजूंनी मुळे चिखलात उभी होती आणि ओहोटीचा वास येत होता. अकानिसीला तो वास लहानपणापासून आवडायचा. आज प्रत्येक वासाने तिला एमोसीचे फोनवरचे शब्द आठवत होते. मोमो ओरडले तर काय, हे भय तिला नव्हतेच. ते हसून म्हणतील, आलीस, मोठी बाटली आणलीस? त्याला काय उत्तर द्यायचे, हे भय होते.

तिने दारात चपला काढल्या. दाराशी मोमोंच्या दोन्ही चपला होत्या, जाड रबरी तळाच्या, कितीतरी दिवसांत न हललेल्या, कारण त्यांच्यावर वाळूचा पातळ थर बसला होता. आत मामी होती, म्हणजे सालासेइनी. मामीला इथे नेई म्हणतात. तिने अकानिसीला छातीशी धरले आणि धरूनच ठेवले. खिडक्या उघड्या होत्या, वाऱ्याने पडदे उडत होते, आणि तरीही वास होता.

मोमो वरच्या बाजूच्या चटईवर पाठ ताठ ठेवून बसले होते. अंगात इस्त्रीचा सदरा, कमरेला गुंडाळलेला चांगला सुलू. ती येणार म्हणून तयार झाले होते. उजवा पाय उशीवर होता आणि त्याच्यावर फुलाफुलांचे कापड. चेहरा मात्र ओढला होता, डोळे तापाने चकाकत होते.

"आलीस?" ते म्हणाले. "मोठी आणलीस ना?"

"मोमो, आधी पाय बघू द्या."

"पायाला काय बघायचं? बरा होतोय. आतून होतोय, म्हणून बाहेर दिसत नाही."

नेईने एकदा नवऱ्याकडे पाहिले आणि सरळ पुढे होऊन कापड उचलले.

अकानिसीने पायाकडे ती नळीकडे बघायची तसे पाहिले. दुसरे काही तिला येतच नव्हते. घोट्याच्या वर कातडी लाल होती, तापलेली. घोट्याखाली जांभळी. आणि बोटांकडे तो जांभळा कुठेही पिवळा झालेला नव्हता, तो काळा झाला होता. अंगठा आणि शेजारची दोन बोटे कोळशासारखी. आयुष्यभर ती रंग उतरायची वाट बघत आली होती. हा रंग चढत होता. तिने वाकून पाहिले तेव्हा लालीची एक रेघ नडगीवरून वर निघालेली दिसली.

तिने यंगोनाची जुडी मोमोंपुढे ठेवली आणि डोके खाली घातले. अशा वेळी बाईमाणसाने स्वतः बोलायचे नसते, कुळातला एखादा पुरुष तिच्या वतीने बोलतो. एमोसी पुढे सरकलासुद्धा. तिने हाताने त्याला थांबवले.

"मी त्या दिवशी खोटं बोलले," ती म्हणाली. "अर्धं बोलले. ते पाणी काचेत सडणं थांबवतं. माणसात थांबवतं का, ते कुणालाच माहीत नाही. मला नाही, आमच्या डॉक्टरांना नाही. अजून कुणी करूनच बघितलं नाही. तुम्ही सगळे माझ्याकडे बघत होता आणि मला बरं वाटलं, म्हणून मी थांबवतं म्हणाले."

बाहेर कुणाची तरी कोंबडी ओरडत होती.

"मग पहिलं फळ म्हणून का आणलंस?" मोमोंनी विचारले. आवाजात राग नव्हता, त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

"कारण ते पहिलंच होतं."

मोमो म्हणाले, "पहिलं कोनफळ किडकं निघालं तर ते काय पहिलं नसतं? तू आणलंस, मी घेतलं. त्यात तुझं काही चुकलं नाही. डोकं वर कर."

तिने डोके वर केले. माफी इतक्या सहज मिळेल असे तिला वाटले नव्हते, आणि ती मिळून काही उपयोगही नव्हता.

"मग आता चला माझ्याबरोबर. होडी तयार आहे."

"नाही."

नेई रडू लागली, आवाज न करता. एमोसीने काहीतरी म्हणायला तोंड उघडले, पण मोमोंनी नुसते पाहिले आणि ते मिटले. मग त्यांनी दोघांनाही बाहेर पाठवले. चहा कर म्हणाले, तिला भूक लागली असेल. नेई आणि एमोसी मागच्या दाराने गेले. मामा-भाची दोघेच उरले.

मोमोंनी स्वतःच कापड ओढून पाय झाकला.

"मला भीती वाटते, अका," ते म्हणाले.

हे शब्द त्या माणसाच्या तोंडून निघू शकतात हेच तिला माहीत नव्हते. वादळात छप्पर उडाले तेव्हा हाच माणूस घरोघर जाऊन लोकांना देवळात आणत होता, असे आई सांगायची. आता ते तिच्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. वासाकेला भेटायला गेलो होतो, ते म्हणाले. त्याने पांघरूण बाजूला केले आणि विचारले, दादा, माझा पाय यांनी कुठे टाकला रे? कुळाचा प्रमुख आहे मी, माझ्याकडून पाय कुणी काढून घेतला आणि कुठेतरी टाकून दिला, असे मरायला मला जमणार नाही.

"मलाही भीती वाटते," अकानिसी म्हणाली. "कालपासून माझ्या जिवात जीव नाही."

समजावण्यासारखे तिच्याकडे काही उरले नव्हते. नायडूंची शास्त्राची वाक्ये होती, पण शास्त्राच्या एका वाक्यानेच तर इथवर आणले होते. तिची नजर कापडाखालच्या त्या उंचवट्यावर गेली. आणि मग आईचे बजावणे तिला आठवले, माझ्या माहेरात हात पसरायचा नाही. आई, या एकदाच, असे ती मनात म्हणाली.

ती गुडघ्यावर पुढे सरकली आणि तिने त्या फुलाफुलांच्या कापडावर बोट ठेवले.

"मोमो, मी वासू आहे ना या घरची?"

"आहेस की."

"मी कधी काही मागितलं?"

"नाही. तुझी आई भारी मानी होती. आम्हाला त्याचं वाईट वाटायचं."

"आज मागते. मला हा पाय हवा."

आधी मोमोंना अर्थच लागला नसावा. लागला तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचे सगळे एकदम हलले आणि मग एकदम शांत झाले. खूप दिवसांनी कुणीतरी त्यांच्याकडे काहीतरी मागत होते. औषध घ्या, पट्टी बांधा, इस्पितळात चला, असे सगळे त्यांना सांगत होते, पण मागत कुणी नव्हते.

"हा?" ते म्हणाले. "सडलेला आहे. डुक्कर माग. नेईची लग्नातली चटई माग."

"मला हाच हवा. टाकून देणार नाही कुणी. मला हवाय म्हणून मी नेतेय."

मोमोंनी डोळे मिटले. मग सदरा नीट केला, पाठ आणखी ताठ केली, ओंजळीसारखे हात केले आणि तीन वेळा सावकाश टाळी दिली. तो पोकळ आवाज बाहेर चुलीपर्यंत गेला असावा, कारण नेई हात पुसत धावत आत आली.

"हिने पाय मागितलाय," मोमो तिला म्हणाले. "माझ्या चपला पिशवीत घाल. दोन्ही घाल."

इस्पितळात ओल्या लादीचा आणि डेटॉलचा वास होता. तपासायला आलेला सर्जन तरुण होता, लाऊच्या बेटांवरचा. त्याने पाय पाहिला, नडगीवरची रेघ पाहिली आणि खुर्ची ओढून मोमोंच्या उशाशी बसला. त्याने काही आडपडदा ठेवला नाही. गुडघ्याखालून कापावा लागेल, म्हणाला, आणि तेही लगेच. उशीर केला तर पायाचा प्रश्नच उरणार नाही, कारण माणूसच उरणार नाही. तुमची संमती आहे का, आजोबा?

मोमोंनी नकारार्थी मान हलवली.

"मला विचारू नका," ते म्हणाले. "माझा असता तर नाही म्हणालो असतो. हा सकाळीच मी हिला दिला. ही माझी वासू. तिचं ती ठरवेल."

सर्जन अकानिसीकडे वळला. त्यालाही मामा असणार, कारण त्याला पुढे काही समजावून सांगावे लागले नाही. त्याने मोमोंचा मान राखला आणि थांबला.

हे तिने धरले नव्हते. मागताना तिला वाटले होते, की आपण मामाला होडीत बसवायची एक युक्ती केली. मोमोंनी युक्ती म्हणून काही दिलेच नव्हते. त्यांनी खरोखर दिले होते. आता तो पाय तिचा होता आणि तो कापायचा शब्द तिच्याच तोंडून निघायला हवा होता. नेई भिंतीला टेकून उभी होती. एमोसी जमिनीकडे बघत होता. त्या दिवशी चटईवर सगळे असेच थांबले होते आणि तिच्या तोंडून एक शब्द सहज निघून गेला होता. जगतील ना, असे तिने सर्जनला विचारले. बहुतेक, तो म्हणाला. तिला "नक्की" हवे होते. तिनेही एकदा असेच कुणाला तरी "नक्की" देऊन टाकले होते.

"कापा," ती म्हणाली.

मोमोंनी तिचा हात दाबला.

सोमवारी ती कामावर गेली. नायडूंनी तिच्याकडून सगळी हकिगत ऐकून घेतली, प्रयोगशाळेतून काहीही बाहेर नेणार नाही असे तोंडी वचन घेतले, आणि बाटली न्यायला आपणच सांगितले होते असे वरिष्ठांना कळवले. तिची नोकरी राहिली. त्यांचे पुढच्या वर्षीचे अनुदान राहिले नाही, पण ते त्यांनी तिला बऱ्याच दिवसांनी सांगितले. कुराचे पाणी जांभळ्या पाण्यात पडले की रंग अजूनही तितक्याच झपाट्याने उतरत होता. नळीत सगळे ठीक असते. पण रंग उतरताना बघून तिला पूर्वी जे समाधान वाटायचे ते आता वाटेना. पिवळे झाल्यावरही ती नळी जरा जास्त वेळ उजेडात धरून ठेवायची, काळे काही दिसत नाही ना म्हणून.

मोमो जगले. कुबड्या घेऊन घरी आले तेव्हा गावाने चटया अंथरल्या, यंगोना घोटली. इस्पितळात पाय गमावून आलेली माणसे गावात आणखीही होती, आणि ती आपापल्या घरात मागच्या बाजूला बसायची. मोमो वरच्या बाजूला बसले आणि जो येईल त्याला ठणकावून सांगू लागले, माझा कुणी कापला नाही, माझ्या भाचीने मागितला आणि मी दिला. लोक मान डोलवायचे. वासूने मागितल्यावर काय करणार? एमोसी तर अकानिसीला लांबून पाहिले की ओरडायचा, पोरांनो, हातपाय लपवा, आली. ती हसायची. हसल्यावर घरी जाईपर्यंत स्वतःचा तो 'कापा' तिला ऐकू येत राहायचा.

मोमो घरी आल्यावर ती पहिल्यांदा गावात गेली तेव्हा दाराशी एकच चप्पल होती, डाव्या पायाची. निघताना मोमोंनी तिला थांबवले आणि उशीमागून दुसरी काढली. धुऊन पुसून, वाळूचा कणही न ठेवता, नेईने ती वर्तमानपत्रात गुंडाळली होती.

"ही राहिली होती," मोमो म्हणाले. "पाय तुझा, मग चप्पल इथं ठेवून मी काय करू?"

ते हसत होते. नेई हसत नव्हती. अकानिसीने रीतीप्रमाणे ओंजळीच्या तीन टाळ्या दिल्या आणि ते पुडके घेतले. होडीत आणि पुढे नौसोरीहून सुव्याच्या बसमध्ये ते तिच्या मांडीवर होते. फेकायचे तर नव्हतेच. कपाटात कोंडायचे, तर तसेही करवेना. घरी आल्यावर तिने वर्तमानपत्र सोडवले आणि ती चप्पल दाराबाहेर, स्वतःच्या चपलांशेजारी नीट लावून ठेवली.

शेजारच्या बाईंनी दुसऱ्या दिवशी कुंपणावरून विचारले, कुणी पाहुणे आलेत का. मोठ्या माणसाची चप्पल दिसते, पण एकच कशी?

"दुसरी मोमो घालतात," अकानिसी म्हणाली आणि आत गेली.